माल हातातून सोडण्याआधी : ऑनलाइन विक्रीतील खोट्या पेमेंटपासून बचाव कसा करावा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या घरचा जुना फ्रिज असो, शिक्षण संपवून शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून गावी निघालेल्या विद्यार्थ्याची सायकल असो, घरून विक्री करणाऱ्या ताईंच्या कोल्हापुरी चपला असोत किंवा करवीर तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यातली दुभती म्हैस असो, हल्ली यांपैकी कशाचाही सौदा मोबाइलवर ठरू लागला आहे. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि गावोगावचे व्हॉट्सॲप गट यांमुळे गिऱ्हाईक घरबसल्या मिळते, ही मोठीच सोय झाली. मात्र याच वाटेने खोटे गिऱ्हाईकही येते, आणि ज्याला महिन्यातून एखादीच वस्तू विकायची असते असा साधा माणूस त्याच्या तावडीत सहज सापडतो.

या फसवणुकीची रूपे बरीच असली, तरी त्यामागचे डाव दोनच आहेत. पैसे आलेले नसताना ते आल्याचे भासवून माल न्यायचा, हा पहिला. पैसे देण्याचे निमित्त करून विकणाऱ्याच्याच खात्यातून रक्कम काढून घ्यायची, हा दुसरा. दुसऱ्या डावात माल न्यायला कोणी येतच नाही, कारण त्या माणसाला फ्रिज नकोच असतो. पहिल्या डावावर उपाय एकच आहे, तो म्हणजे पैसे आले की नाही हे समोरच्याच्या फोनवर न पाहता, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या हाताने उघडून पाहायचे. दुसऱ्या डावासाठी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असली पाहिजे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणतीही लिंक उघडावी लागत नाही आणि ओटीपीही सांगावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवताना किंवा आपली शिल्लक पाहताना. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टी प्रत्यक्ष व्यवहारात, घाईगडबडीतही, कशा पाळायच्या याबद्दल आहेत.

जाहिरात टाकण्यापूर्वी

ज्या खात्यात पगार, निवृत्तिवेतन किंवा ऊसबिल जमा होते ते खाते शक्यतो विक्रीसाठी वापरू नये. थोडीच रक्कम ठेवलेले एखादे दुसरे बचत खाते यूपीआयला जोडून विक्रीचे पैसे त्यावर घ्यावेत. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर नुकसान त्या खात्यातल्या शिलकीपुरते राहते आणि खात्यावर काही काळ निर्बंध आले तरी घरखर्च अडत नाही. मला ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी खबरदारी वाटते.

त्यानंतर त्या खात्याची शिल्लक आणि अलीकडच्या नोंदी कशा पाहायच्या, हे गिऱ्हाईक दारात येण्याआधीच करून पाहावे. यूपीआय ॲपमध्ये शिल्लक तपासता येते, बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये खातेउतारा दिसतो आणि इंटरनेट नसेल तर खात्याशी जोडलेल्या मोबाइलवरून *९९# हा क्रमांक फिरवूनही शिल्लक कळते. आपल्या जिल्ह्यात पुष्कळांची खाती सहकारी बँकांमध्ये आहेत. बँक कोणतीही असली तरी एसएमएस कधी उशिरा येतो, कधी येतच नाही, म्हणून पैसे आल्याची खूण म्हणून एसएमएसवर विसंबू नये.

जाहिरातीत मोबाइल क्रमांक उघड न देता त्या त्या ॲपमधल्या संदेशपेटीतूनच बोलणे सुरू करावे. वस्तूचा नुसता परिसर लिहावा, घरचा पूर्ण पत्ता लिहू नये. खरेदीची पावती किंवा वॉरंटी कार्डाचा फोटो जाहिरातीत टाकायचा झाल्यास त्यावरचे नाव, पत्ता आणि क्रमांक झाकावेत, कारण हीच कागदपत्रे वापरून दुसऱ्या कोणाला फसवले जाऊ शकते.

पहिला फोन कसा ओळखावा

जाहिरात पडून अर्धा तासही होत नाही तोच फोन येतो. समोरचा माणूस वस्तू चालू आहे का, किती जुनी आहे, कुठे काही बिघाड आहे का, यांतले काहीच विचारत नाही आणि सांगितलेला भाव जसाच्या तसा मान्य करतो. भाजीच्या पेंडीलाही घासाघीस करणाऱ्या आपल्या शहरात, न पाहिलेल्या फ्रिजला नऊ हजार रुपये देण्यास जो एका दमात तयार होतो, त्याच्याविषयी तिथेच शंका यायला हवी.

अशा फोनमध्ये वारंवार ऐकू येणारी बतावणी सैनिकाची असते. आपण सैन्यात किंवा निमलष्करी दलात आहोत, नुकतीच बदली झाली आहे, ड्यूटीमुळे स्वतः येता येणार नाही, सामान न्यायला युनिटची गाडी येईल, असे सांगितले जाते. लगेच व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्डही येते. ही कागदपत्रे बनावट असतात किंवा दुसऱ्याच कोणाची चोरलेली असतात. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखे, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले पाठवणारे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे गणवेशाविषयी आदर असणारच, आणि ठकांना त्या आदराचाच फायदा घ्यायचा असतो. म्हणून एवढे पक्के समजून घ्यावे की, खऱ्या जवानाला जुना फ्रिज घ्यायचा असेल तर तोही तुमच्या-आमच्यासारखाच साध्या बँक खात्यातून किंवा रोखीने पैसे देतो. सैन्याची म्हणून खासगी खरेदीचे पैसे देण्याची कोणतीही निराळी पद्धत नाही.

यानंतरचे बोलणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘आमच्या लष्करी खात्याची पद्धत वेगळी आहे, बँकेचे खाते बरोबर आहे का ते पाहायला आधी तुम्ही एक रुपया पाठवा,’ असे तो म्हणतो. एक रुपया पाठवला की त्याच्याकडून खरोखरच दोन रुपये परत येतात आणि मनातली शंका तिथेच विरते. मग तो एक क्यूआर कोड पाठवतो. कोडखाली ‘नऊ हजार रुपये प्राप्त करा’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. कोड स्कॅन करताच पडद्यावर एका अनोळखी माणसाचे नाव, नऊ हजारांचा आकडा आणि पैसे भरण्याचे बटण दिसते. त्याच क्षणी फोनवरचा आवाज घाई करू लागतो : ‘लवकर करा, साहेब उभे आहेत, पिन टाकला की जमा होतील.’ पडद्यावरचे नाव वाचण्याइतकी उसंत मिळू नये, एवढ्यासाठीच ती घाई असते. ते नाव पैसे ज्याला जाणार आहेत त्याचे असते, हे ध्यानात ठेवले तर हा डाव तिथेच थांबतो.

अशा वेळी वाद घालण्याची किंवा समोरच्याला उघडे पाडण्याची गरज नाही. ‘दादा, घरी येऊन वस्तू बघा, पटली तर इथेच पैसे द्या. मी कोणताही कोड स्कॅन करणार नाही,’ एवढे शांतपणे सांगावे. खरे गिऱ्हाईक याला हरकत घेत नाही. खोटे असेल तर ते फोन ठेवते, नाही तर रागावते किंवा पोलिसांत देण्याची धमकीसुद्धा देते. घरातील वयस्कर मंडळींच्या नावाने जाहिरात टाकली असेल, तर हे वाक्य त्यांना लिहून देऊन ठेवावे.

पूर्वी क्यूआर कोडऐवजी थेट पैशांची मागणी पाठवली जाई आणि पैसे मिळत आहेत असे समजून माणूस ती मंजूर करून पिन टाकत असे. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर अशी मागणी पाठवण्याची सोय बंद केली आहे. व्यापारी खात्यांकडून येणारी मागणी मात्र चालूच आहे. त्यामुळे पिन मागणारा पडदा समोर आला की तो कोणत्याही कारणाने आलेला असो, विक्रेत्याने तो बंद करावा.

‘चुकून जास्त गेले’

दुसरा नेहमीचा प्रकार असा. वस्तूचा भाव दोन हजार ठरतो आणि थोड्या वेळाने मोबाइलवर वीस हजार जमा झाल्याचा संदेश येतो. पाठोपाठ फोन येतो, ‘ताई, एक शून्य जास्त पडले, घरात आजारपण आहे, वरचे अठरा हजार तेवढे परत पाठवा.’ परत पाठवण्याआधी तो संदेश कोठून आला हे पाहावे. बँकेचे संदेश अक्षरी नावाने येतात, साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत. खात्याची शिल्लक पाहिली की एक रुपयाही जमा झालेला नाही हे बहुधा लगेच कळते.

क्वचित पैसे खरोखरच जमा झालेले असतात. तेव्हाही ते समोरचा सांगेल त्या नव्या क्रमांकावर पाठवू नयेत. ‘तुमच्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करा, माझी बँक मला विचारील,’ असे सांगावे आणि आपल्या शाखेला स्वतःहून लेखी कळवावे. ते पैसे दुसऱ्या एखाद्या फसवल्या गेलेल्या माणसाचे असू शकतात आणि तुम्ही ते पुढे पाठवले तर त्या साखळीत तुमचे खाते गुंतते.

दाखवलेल्या पडद्यावर विश्वास का ठेवू नये

आता पहिल्या डावाकडे वळू. यात गिऱ्हाईक प्रत्यक्ष समोर उभे असते, म्हणून सावधपणा आपोआप सैल पडतो. तो तुमचा कोड स्कॅन करतो, हिरवा पडदा दाखवतो, बरोबरची खूण असते, तुमचे नाव असते, रक्कम अचूक असते, पैसे गेल्याचा आवाजही येतो. हे सर्व खोटे असू शकते. ओळखीच्या पेमेंट ॲपसारखीच दिसणारी बनावट ॲप्स त्यासाठीच तयार केलेली असतात. त्यांत नाव आणि रक्कम टाकली की हुबेहूब पावती तयार होते. एखाद्या जुन्या, खऱ्या व्यवहाराच्या स्क्रीनशॉटवरची रक्कम आणि तारीख बदलून दाखवणे तर त्याहून सोपे आहे. स्क्रीनशॉट अस्सल असला तरी त्यावर व्यवहार प्रलंबित असल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले असू शकते.

यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. गिऱ्हाइकाकडून तो मागून घ्यावा, पण समोरच्याने बारा आकडे दाखवले म्हणजे पैसे आले असे नव्हे, कारण आकडे कोणालाही लिहिता येतात. तोच क्रमांक, तीच रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव तुमच्या स्वतःच्या खातेउताऱ्यात दिसले, तरच तो पुरावा ठरतो. म्हणून गिऱ्हाईक पैसे पाठवण्याआधी एकदा शिल्लक पाहून ठेवावी आणि नंतर पुन्हा पाहावी.

पैसे दिसले नाहीत की ‘माझ्या खात्यातून कट झालेत, सर्व्हर डाउन आहे, तासाभरात येतील,’ हे उत्तर ठरलेले असते. असे खरेही घडते, म्हणूनच त्यामागचा नियम माहीत असावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ मधील सूचनेनुसार, यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी पाठवणाऱ्याच्या खात्यात आपोआप परत जायला हवी, आणि त्यापुढे विलंब झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे अडकले असतील तर ते त्याला परत मिळण्याची व्यवस्था आहे, तुमची वस्तू गेली तर ती परत मिळण्याची कोणतीही व्यवस्था नाही. ‘पैसे दिसल्यावर या, वस्तू तुमच्यासाठी बाजूला ठेवतो,’ असे सांगण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

एनईएफटी, आरटीजीएस आणि धनादेश

मोठ्या रकमेच्या सौद्यात गिऱ्हाईक बँकेची पावती पाठवते आणि ‘आज सुट्टी आहे, सोमवारी जमा होईल,’ असे सांगते. ही सबब आता चालत नाही. एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालू आहे. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाने पुढे सरकतात, त्यामुळे रविवारी रात्री पाठवलेले पैसेही काही तासांत पोहोचायला हवेत. आणखी एक खूण म्हणजे आरटीजीएसने दोन लाखांपेक्षा कमी रक्कम पाठवताच येत नाही. चाळीस हजारांच्या सोफ्याची आरटीजीएस पावती कोणी पाठवली, तर ती उघडपणे खोटी आहे.

अनोळखी माणसाकडून धनादेश घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धनादेश भरल्यावर रक्कम खात्यात दिसू लागते, पण तो वटेपर्यंत ती तुमची झालेली नसते, आणि न वटलेल्या धनादेशासाठी कायद्याचा मार्ग असला तरी तो लांबचा आहे. डिमांड ड्राफ्टही बनावट निघू शकतो, तेव्हा तो आपल्या खात्यात वटल्यावरच माल द्यावा.

वस्तू सोपवण्याचा दिवस

दिवसाउजेडी, घरात दुसरे कोणी असताना किंवा ओळखीच्या दुकानाजवळ भेटावे. शक्य असल्यास गिऱ्हाइकाचा मोबाइल क्रमांक आणि यूपीआय आयडी आदल्या दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरील संशयित शोधण्याच्या सोयीत तपासून घ्यावा. तिथे नोंद न सापडणे म्हणजे माणूस खरा असे नव्हे, पण नोंद सापडली तर सौदा तिथेच मोडावा.

फ्रिज, कपाट किंवा म्हैस अशा गोष्टी एकदा टेम्पोत चढल्या की खाली उतरवणे कठीण असते. म्हणून आधी पैसे, मग खात्यातली नोंद आणि त्यानंतर हमालांनी हात लावायचा, हा क्रम ठेवावा. गिऱ्हाइकाने न्यायला दुसऱ्याच माणसाला पाठवले तरीही हाच क्रम पाळावा. टेम्पोवाला ताटकळतो आहे, भाडे वाढते आहे, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न असतो, तुमचा नव्हे. लहान रकमेच्या वस्तूंसाठी रोख पैसे हा अजूनही उत्तम मार्ग आहे, फक्त पाचशेच्या नोटा उजेडात नीट पाहून घ्याव्यात. एका सौद्यात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे, हे जुनी चारचाकी विकणाऱ्यांनी विसरू नये.

एमएच-०९ असो वा दुसऱ्या कोणत्याही पासिंगची गाडी, तिचा सौदा शक्यतो आपल्या बँकेच्या शाखेतच पुरा करावा. पैसे जमा झाल्याची खात्री शाखेतच होते आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्याही तिथेच करता येतात. पैसे येण्याआधी कोऱ्या फॉर्मवर सही करून मूळ कागदपत्रे ‘दाखवायला’ म्हणून देऊ नयेत.

कुरिअरने माल पाठवणाऱ्यांसाठी

चपला, गूळ, मसाले, हुपरीचे चांदीचे दागिने असा माल बाहेरगावी पाठवणाऱ्या छोट्या विक्रेत्यांची अडचण वेगळी असते, कारण गिऱ्हाईक कधी दिसतच नाही. येथे ‘पैसे कुरिअर कंपनीकडे भरले आहेत, ते तुमच्या खात्यात घेण्यासाठी या लिंकवर कार्डाची माहिती भरा,’ असा संदेश येतो. कुरिअर कंपनी अशा रीतीने विक्रेत्याचे कार्ड मागत नाही. मोठी ऑर्डर देऊन आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘परत मिळणारी अनामत’ मागणाऱ्या संस्थांनाही नकार द्यावा. एनीडेस्कसारखे, दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारे ॲप किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) फोनमध्ये घेतली की पिन आणि ओटीपी दोन्ही उघडे पडतात, म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून ती घेऊ नये.

पैसे गेलेच तर

घरात एकमेकांना दोष देण्यात पहिला तास घालवू नये, कारण तोच तास मोलाचा असतो. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. आपले खाते, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे ज्या आयडीवर गेले तो आयडी जवळ ठेवावा. ही माहिती मिळाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ती रक्कम रोखण्यास कळवले जाते, आणि ती तिथून पुढे सरकली नसेल तर वाचू शकते. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्यावा.

त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवून लेखी पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते, आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. बँकेचा क्रमांक मात्र पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा, कारण इंटरनेटवर शोधून सापडलेले ‘ग्राहक सेवा’ क्रमांक पुष्कळदा ठकांचेच असतात. बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

पोलिसांत तक्रार देताना हद्दीचा प्रश्न आडवा येऊ देऊ नये. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, जे ठाणे जवळ असेल तिथे जावे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड ही दोन्ही अशा फसवणुकीला लागू होतात. चॅट, फोनची यादी, क्यूआर कोड यांतले काहीही पुसू नये. ‘गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा,’ असा फोन पुढच्या काही दिवसांत आला, तर तो त्याच फसवणुकीचा दुसरा हप्ता समजावा.

खरे पैसे येऊनही उद्भवणारी अडचण

एक प्रसंग असा आहे की, विक्रेता सर्व नियम पाळतो, पैसे खरोखर जमा होतात, माल जातो आणि काही दिवसांनी खात्यातली तेवढी रक्कम, कधी सबंध खातेच, गोठवले जाते. गिऱ्हाइकाने दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेले पैसे तुम्हाला दिलेले असतात आणि त्या माणसाच्या तक्रारीचा माग तुमच्या खात्यापर्यंत आलेला असतो. म्हणून मोबाइल, लॅपटॉप, सोने-चांदी यांसारख्या सहज पुढे विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी, समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचे नाव एकच असल्याची खात्री करावी. ‘मित्राच्या खात्यातून पाठवतो’ म्हणणाऱ्याला रोख द्यायला सांगावे.

प्रत्येक विक्रीची साधी पावती दोन प्रतींत करून तीवर गिऱ्हाइकाचे नाव, सही, वस्तूचा अनुक्रमांक, रक्कम आणि संदर्भ क्रमांक लिहावा. मोबाइल किंवा लॅपटॉपसारखी महागडी वस्तू असेल, तर गिऱ्हाइकाच्या संमतीने त्याच्या ओळखपत्राची प्रतही ठेवावी. खाते गोठले असे कळल्यास शाखेकडून कोणत्या तक्रारीवरून आणि कोणत्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून ते गोठले, हे लेखी मागावे, आणि ही पावती, चॅट व मूळ खरेदीचे बिल जोडून त्या ठाण्याला अर्ज पाठवावा. तेवढ्याने काम न झाल्यास वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो, आणि तेथे आपला व्यवहार खरा होता हे दाखवायला ही पावती उपयोगी पडते.